सूरच्या गच्चीवरचा पारा: प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर

मनूला सातवीच्या भूगोलासाठी तक्ता करायचा आहे: ‘मी राहते त्या गावाचं महिनावार सरासरी तापमान’. गाव म्हणजे सूर. ओमानच्या पूर्व टोकाला, रास अल हद्दच्या जरा अलीकडे. पुढ्यात समुद्र, पाठीशी पूर्व हजरचे उघडेबोडके डोंगर, आणि वर्षभरात पाऊस शंभरेक मिलिमीटर, तोही आला तर. तिने नेटवर तीन ठिकाणी पाहिलं. जूनसाठी एका ठिकाणी ३५, दुसरीकडे ३२, तिसरीकडे ४०.

“बाबा, यातलं खरं कुठलं?”

मी कामावरून नुकताच आलो होतो. “मधलं घे,” म्हणालो. दिवसभर टेंपरेचर ट्रान्समीटर, म्हणजे तापमान मोजणारी उपकरणं, तपासून अचूक लावणारा माणूस घरी येऊन ‘मधलं घे’ म्हणतो, हे तिला अजिबात पटलं नाही. खरं तर मलाही नाही. जेवणानंतर दोघं बसलो.

४०वालं लवकर सापडलं. ती दुपारच्या कमाल तापमानांची सरासरी होती, वर नुसतं ‘सरासरी’ लिहून ठेवलेलं. ३२वालं जरा खोल निघालं. ते कुठल्या थर्मामीटरवर मोजलेलंच नाही, संगणकाच्या मॉडेलमधून काढलेलं आहे. असं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं, एकेक साधारण ३० किलोमीटरचा, आणि चौकोनाला एकच तापमान देतं. आमच्या चौकोनात अर्धा समुद्र आणि उरलेल्यात हजार-दीड हजार मीटर उंचीचे डोंगर. म्हणजे तो आकडा कोणाचाच नाही, ना कोळ्याचा, ना डोंगरावरच्या शेळीचा. ३५ म्हणजे रोजचं कमाल आणि किमान, बेरीज भागिले दोन, आणि त्याची ३० वर्षांची सरासरी. तक्त्यात ३५ गेलं. मधलंच निघालं, पण आता कारणासकट.

तक्ता उद्या शाळेत जाईल. मनूचं म्हणणं, आपण आपलं मोजायचं. वर्षभर.

२१ नोव्हेंबर

सामान: एक एसएचटी-३१ सेन्सर (तापमान आणि आर्द्रता मोजणारा), एक ईएसपी-३२ बोर्ड (नोंदी घेणारा छोटा संगणक), मेमरी कार्ड, मोबाइलचा जुना ॲडॅप्टर. दर दहा मिनिटांनी एक नोंद, दिवसाच्या १४४. सोल्डरिंग मनूने केलं, एक टाका माझ्यापेक्षा चांगला.

सेन्सर सध्या गच्चीच्या कठड्याला चिकटपट्टीने लावला आहे. सावलीत आहे, चालेल.

२४ नोव्हेंबर

चालत नाही. रात्री दहाला सेन्सर २९ दाखवतोय आणि हातातला कामावरचा तपासलेला थर्मामीटर २५. कठड्याला हात लावून पाहिला, पोळ्या आटोपून बराच वेळ झाल्यावर तवा असतो तसा कोमट. दिवसभर खाल्लेलं ऊन काँक्रीट रात्री ओकतं. आम्ही हवा मोजत नव्हतो, कठडा मोजत होतो. त्यात शेजारच्या एसीचं बाहेरचं युनिट दोन हातांवर.

पेटी हवी. पांढरी, तिरप्या पट्ट्यांच्या झडपांची, जमिनीपासून दीड मीटर उंच. शाळेच्या पुस्तकात जिला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात ती. हा टॉमस स्टीव्हन्सन मुळात दीपगृहं बांधणारा स्कॉटिश इंजिनिअर. आमच्या खिडकीतून अल ऐजाचं दीपगृह दिसतं, त्यामुळे मनूला ही जोडी फार आवडली.

५ डिसेंबर

पेटीसाठी ढाऊच्या, म्हणजे लाकडी गलबतांच्या, यार्डात गेलो. सूरमध्ये एके काळी याच खाडीच्या काठी मोठमोठी गलबतं बांधली जायची आणि त्यांचं सागवान मलबारहून यायचं. आता काम थोडं उरलंय. तिथले एक सुतार केरळातल्या बेपूरचे, म्हणजे तेही गलबतं बांधणाऱ्याच गावचे. पट्ट्यांचा कोन किती ठेवायचा हे मी कागदावर काढून नेलं होतं. त्यांनी कागद न बघताच विचारलं, “पाऊस आत नको, वारा आत पाहिजे, एवढंच ना?” कापाकापीतून उरलेल्या फळ्या काढल्या, पट्ट्या दुहेरी उलट्या बसवल्या, लोखंडी खिळा एकही नाही. “इथं लोखंड दोन वर्षांत खाऊन जातं,” म्हणाले. पैसे घेतले ते फक्त रंगाचे.

दाराचं तोंड उत्तरेला ठेवलं आहे. नियमच तसा, आपल्या गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून जातो.

६ जानेवारी

डिसेंबरचे पहिले धड आकडे. सरासरी २४ च्या जवळपास, पुस्तकातल्या आकड्याला धरून. मनूने मुंबईचे आकडे शेजारी मांडले आणि गप्प झाली. मुंबईची पूर्ण वर्षाची सरासरी २७ च्या आसपास. सूरची २९ च्या आसपास.

“दोनच डिग्री? मग आजी फोनवर सारखं ‘भट्टीत राहता’ का म्हणते?”

चांगला प्रश्न. मुंबईचा सगळ्यात गार महिना २४ चा आणि तापलेला ३० चा, मध्ये सहा डिग्री. सूरचा जानेवारी २३ आणि जून ३५, मध्ये बारा. इथला हिवाळा इतका सुखाचा असतो की तो उन्हाळ्याची सगळी उधारी फेडून टाकतो आणि वर्षाच्या हिशेबात दोन डिग्रींपलीकडे काही दिसत नाही. लाल समुद्रावरच्या मसावाचं उलट. तिथं हिवाळाच धड येत नाही, म्हणून वर्षाची सरासरी ३० च्या घरात, जगातल्या सगळ्यात वरच्या आकड्यांपैकी.

आजीला हे समजावण्याचं काम मनूने घेतलंय.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस एका चुकीच्या मागे गेला. पण चूक बघण्यासारखी होती.

मनूच्या लक्षात आलं की जानेवारीतल्या एका गार पहाटेचं किमान तापमान वहीत दोनदा आलंय, लागोपाठच्या दोन तारखांना, जवळजवळ सारखंच. तशाच आणखी तीन जोड्या सापडल्या. मला वाटलं, सेन्सर अडकला. नाही. बोर्डाचं घड्याळ मी ग्रीनिचच्या वेळेवर ठेवलं होतं, कामावर सगळं तसंच असतं म्हणून. ओमान चार तास पुढे. म्हणजे बोर्डाचा दिवस आमच्या पहाटे चारला बदलत होता.

आता पहाटे चारला काय असतं? पारा जवळजवळ तळाला पोचलेला असतो, खरा तळ साडेसहाच्या सुमारास. थंड रात्र असली की चार वाजायच्या आधीचा आकडा आदल्या दिवसाच्या नावावर किमान म्हणून पडतो, आणि साडेसहाचा नव्या दिवसाच्या नावावर. एकच थंडी दोन दिवस मोजली. उबदार रात्रीला हा मान नाही, कारण तिचा आकडा शेजारच्या दिवसाच्या किमानापेक्षा वरच राहतो. परिणाम, महिन्याची सरासरी खोटी खोटी खाली.

दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत धरून डिसेंबर-जानेवारी नव्याने काढले. जानेवारीचं सरासरी किमान अर्ध्या डिग्रीच्या आसपास वर सरकलं. हवा तीच, सेन्सर तोच, फक्त दिवस कुठे तोडला यावर अर्धी डिग्री.

मनूने वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय: दिवस = रात्री १२ ते रात्री १२. बाबांना विचारू नये.

२ एप्रिल

मार्च नीट. दुपारी खारे वारे सुटतात तेव्हा आलेखाला खांदा पडतो. पारा चढता चढता थांबतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे असे रोज कागदावर उमटलेले पाहून मनूची आई म्हणाली, “आम्हाला हे नुसतं पाठ करायला लावलं होतं.”

७ मे

आज गिझर बंद केला.

हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमची पाण्याची टाकी गच्चीवर उन्हात. मे उजाडला की निळ्या खुणेच्या नळाला येणारं पाणी इतकं तापलेलं असतं की हात पुढे करवत नाही. गिझर मात्र आत, बाथरूमच्या माळ्यावर, एसीच्या गारव्यात. तो बंद ठेवला की त्यातलं पाणी हळूहळू घराइतकं होतं. मग आंघोळीला लाल खुणेचा नळ सोडायचा, तो गार. पाहुणे आले की पहिल्या दिवशी हमखास ओरडतात. आखातात राहिलेल्या बहुतेक मराठी घरांना हे माहीत आहे.

मनूने तक्त्यात नवा रकाना काढला: ‘गिझर’. मी म्हटलं, हे काही शास्त्रीय नाही. ती म्हणाली, “तुमची सरासरी तरी कुठे आंघोळ करते?”

६ जून

आज शून्य सावलीचा दिवस. पुण्याला तो मेच्या मध्यावर येऊन गेला, इथं आज. सूरचं अक्षांश साधारण २२.६, कर्कवृत्ताच्या जरासं खाली, कोलकात्याच्या ओळीत. आणि रेखांश ६० च्या अगदी जवळ, म्हणून सूर्यही घड्याळाच्या बाराला जवळजवळ मिनिटाच्या फरकाने डोक्यावर. पेटीच्या खांबाची सावली आक्रसत आक्रसत खांबाच्या बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. दोन मिनिटं उभे राहिलो, तिसरं राहवलं नाही.

आणि तिथंच माझी दुसरी चूक कळली. पेटीचं दार उत्तरेला आहे. पण आजपासून ७ जुलैच्या सुमारापर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असणार. ते किंचित चालून जाईल. सकाळचं काय? जूनमध्ये सूर्य सव्वापाचला उगवतो तो पूर्वेच्या चांगला पंचवीस अंश उत्तरेला. दाराची फट वाऱ्याने रुंदावली होती, त्यातून तिरपं ऊन थेट सेन्सरवर. गेल्या आठवड्याच्या नोंदी पाहिल्या: रोज सकाळी सहा ते सात एक छोटं शिंग उगवलेलं. मी ते खारे-मतलई वाऱ्यांच्या अदलाबदलीवर खपवलं होतं!

‘उत्तरेला दार’ हा नियम लंडन-पॅरिसवाल्यांचा. कर्कवृत्ताच्या आसपास उन्हाळाभर तो अर्धाच खरा. आतून आणखी एक पट्टी ठोकली. शिंग गेलं.

किमान तापमान सूर्य उगवायच्या वेळचं, ते या उन्हाच्या आधीच लागून गेलेलं. आणि आपली सरासरी कमाल-किमानाची, म्हणून तिला धक्का नाही. नशीब.

२१ जून

काल रात्रीचं लिहून ठेवतो.

संध्याकाळपर्यंत समुद्राकडून वारा होता, ३४ डिग्री आणि दमट. चष्मा घराबाहेर पाऊल टाकताच दुधाळ होतो ती हवा. साडेनऊला वारा पडला. दहाच्या सुमाराला डोंगराकडून झुळूक आली आणि मनूची आई म्हणाली, “कुणीतरी ओव्हनचं दार उघडलं.” पाऊण तासात पारा ३४ चा ३९ वर, दमटपणा निम्म्याखाली. रात्री. अंधारात. सूर्य मावळून तीन तास झाल्यावर तापमान पाच डिग्री वर.

कारण डोंगर. आतल्या वाळवंटावरची तापलेली हवा हजर ओलांडून किनाऱ्याकडे उतरते. उतरताना वरच्या हवेचा दाब वाढतो, ती दाबली जाते आणि आणखी तापते. शंभर मीटरला साधारण एक डिग्री. दीड हजार मीटर उतरली की हिशेब करा. वारा असा रात्रभर राहिला की रात्र होतच नाही. सूरहून मस्कतकडे जाताना लागणाऱ्या कुरियातमध्ये २६ जून २०१८ ला हेच झालं. चोवीस तासांत तापमान ४२.६ च्या खाली उतरलंच नाही. कमाल नव्हे, किमान ४२.६. त्या दिवसाची कमाल सोडाच, नुसती ही किमान म्हणजे विदर्भातली मे महिन्याची दुपार.

सकाळी आलेख पाहिला. एरवी दिवस डोंगरासारखा असतो, एक चढ, एक उतार. कालचा दिवस दोन वशिंडांचा उंट. कमाल-किमानाची मधली सरासरी आली ३६. १४४ नोंदींची खरी सरासरी ३५.४. सरासरी बरोबरच आहे, दोन्ही. पण त्यात रात्री दहाचा तो ओव्हन कुठेच नाही.

(आजच वाचलेलं: अठराव्या शतकात जर्मनीतल्या मानहाइमची हवामान मोजणारी मंडळी सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ ला वाचन घ्यायची; अशा वाचनांची सरासरी काढताना रात्रीचं दोनदा धरून चाराने भागायची पद्धत पडली. रात्र दुप्पट महत्त्वाची, हे गार देशात बसून सुचलं होतं.)

साडेबारा ते साडेतीन बाहेरची कामं बंद, हा इथला जून ते ऑगस्टचा नियम. तो दुपारपुरता. यार्डातले सुतार काल रात्री गच्चीवर झोपायला गेले होते, नेहमीसारखे. अकराला गाद्या उचलून खाली आले.

९ जुलै, चिपळूण

सुट्टीवर. पाऊस तीन दिवस थांबलेला नाही. गच्ची तिकडे, आम्ही इकडे. आजीने मनूला विचारलं, “तिकडं आता किती?” मनूने उत्तर देण्याआधी प्रतिप्रश्न केला, “कमाल, किमान की सरासरी?” आजी उठून भजी तळायला गेली.

४ ऑगस्ट

परत आलो. ॲडॅप्टर मेलेला. १० जुलै ते १९ जुलै काहीच नोंद नाही. मग शेजाऱ्यांनी आमच्या विनंतीवरून वर जाऊन प्लग हलवला तेव्हा पुन्हा सुरू. ॲडॅप्टर उघडून पाहिला, कपॅसिटर फुगून फुटलेला. बंद डब्यात ठेवला होता तो मीच, धूळ जाऊ नये म्हणून.

दहा दिवस गेले. मनूचं म्हणणं, उरलेल्या एकवीस दिवसांची सरासरी काढू, काय फरक पडतो. मी नाही म्हटलं. जागतिक हवामान संघटनेचा नियम आहे: महिन्यात अकरा किंवा जास्त दिवस गेले, किंवा सलग पाच किंवा जास्त गेले, तर त्या महिन्याची सरासरी काढायची नाही. आपले एकूण दहा, पण सलग. बसत नाही.

“कोण बघणारे?”

“कोणी नाही.”

दोन दिवस अबोला. जुलैचा खांब रिकामा राहणार, हे तिला सहन होत नव्हतं. शेवटी तिनेच तोड काढली: जुलैच्या जागी ३० वर्षांच्या सरासरीचा खांब, पण तुटक रेषेचा, आत रंग नाही.

२ सप्टेंबर

ऑगस्ट जूनपेक्षा दोन-अडीच डिग्रीने गार निघाला. चिपळूणच्या मामाचा यावर विश्वास बसला नाही; त्याला वाटतं वाळवंट म्हणजे ऑगस्टमध्ये पेटलेलंच असणार. गंमत अशी की इथला ऑगस्ट गार करणारा वारा आणि मामाच्या अंगणात पाऊस पाडणारा वारा एकच, नैऋत्य मोसमी. तो ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं कोमट पाणी खोल समुद्राकडे ढकलतो, आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. दक्षिणेच्या सलालापासून मसिरा बेटापर्यंतच्या किनाऱ्यावर भर ऑगस्टात समुद्राचं पाणी पंचविशीच्याही खाली जातं. सलालाला तर झिमझिम पाऊस आणि हिरवे डोंगर, त्याला इथं खरीफ म्हणतात. आपल्या खरीप पिकातला शब्द तोच. सूर त्या पट्ट्याच्या टोकाला, रास अल हद्दच्या वळणामागे, म्हणून पाऊस नाही, हिरवळ नाही. नुसता दोन डिग्रींचा प्रसाद.

कोकणात मे तापतो आणि जूनचा पाऊस त्याला विझवतो. इथं जून तापतो आणि समुद्र त्याला विझवतो, तेही अर्धवट.

२३ सप्टेंबर

आर्द्रता तीन दिवस १०० वर अडकलेली. सेन्सरच्या जाळीवर मीठ आणि धूळ यांचा पातळ राखाडी थर, ओलं झाल्यावर लोण्यासारखा. डिस्टिल्ड वॉटरने धुतला, सावलीत वाळवला. ८४ वर आला. तापमान ठीक होतं, कामावरच्या थर्मामीटरशी दोन दशांशांचा फरक.

पेटी मात्र जशीच्या तशी. एकाही सांध्याला गंज नाही, कारण गंजायला काही नाहीच.

१ नोव्हेंबर

तक्ता पुरा झाला, डिसेंबर ते ऑक्टोबर, नोव्हेंबर तेवढा महिनाअखेर. मनूने महिन्याला एक खांब काढला नाही. प्रत्येक महिन्याला सरासरी किमानापासून सरासरी कमालापर्यंत एक उभी पट्टी, आणि सरासरीची जागा दाखवणारी बारीक आडवी रेघ. त्याखाली दुसरी ओळ: त्या महिन्यात किती रात्री पारा ३० च्या खाली उतरलाच नाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी: शून्य. मार्च: शून्य. जून: २२. जुलै: कोरा चौकोन. पेटीच्या सुतारकाकांना दाखवायला नेला तेव्हा त्यांनी सरासरीची रेघ पाहिली नाही, सरळ त्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि २२ वर थांबले. “गाद्या,” म्हणाले.

एक प्रत त्यांनी मागून घेतली. यार्डात फळीला टाचणार आहेत.

१९ नोव्हेंबर

सकाळी साडेसहाला २०.८. निळ्या नळाचं पाणी अंगावर घेऊन मनू किंचाळली.

गिझर चालू.